पट्टीखालचं नाव कारागिराचंच असावं

दुनळी बंदुकीच्या दस्त्यामागची, खांद्याला टेकणारी पट्टी काढल्यावर आत पेन्सिलीने लिहिलेलं नाव निघालं. ते मालकाचं की कारागिराचं, असा प्रश्न आहे. माझं मत कारागिराकडे. मालकाला मिरवायचं असतं तर त्याने दस्त्याखालच्या चांदीच्या अंडाकृती पत्र्यावर अक्षरं कोरून घेतली असती. झाकल्या लाकडावर तो कशाला लिहील?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची बंदूक कितीतरी हातांतून जायची. नळी घासणारा वेगळा, लाकूड कोरणारा वेगळा, आणि मजुरी बहुधा नगावर. मग आपली खूण नको? नळ्या उतरवून खालचा सपाट भाग तिरक्या उजेडात बघा. प्रूफ हाऊसच्या, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या, शिक्क्यांच्या गर्दीत दोन बारीक, जरा वाकडी आद्याक्षरं दिसली तर ती बहुधा अशाच कुणाची. दर्शनी भागावर मात्र नाव दुकानाचं, तेही नक्षीत! खालच्या सपाट भागावर ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असा शिक्का असेल तर काळही कळेल: १८७५ ते १८८७ मधली, तोंडाशी आवळलेली चोकची नळी.

आणि कृपा करून त्या लाकडाला आतून काचकागद लावू नका. आमच्या ओळखीतल्या एका सुताराने हौसेने ‘साफ’ करून दिलं होतं. पेन्सिल गेली ती गेलीच.