'प्रायमॉर्डियल'ला मराठीत नेमका शब्द काय? मदत हवी आहे

जीवसृष्टीच्या सुरुवातीवरचा एक लेख मराठीत करतेय, शाळेतल्या मुलांसाठी. 'प्रायमॉर्डियल सूप'वर गाडी अडलीय, म्हणजे ओपारिन (1924) आणि हाल्डेन (1929) या शास्त्रज्ञांनी मांडलेली ती कल्पना, की सुरुवातीच्या समुद्रातल्या रसायनांतून जीवसृष्टी घडली.

'आदिम' लिहून पाहिलं, पण दोघांना वाचायला दिलं तर दोघांनाही गुहेतला माणूसच आठवला! 'आद्य' म्हटलं की 'आद्य कवी'सारखं पहिला मान मिळाल्यासारखं वाटतं. 'मूलभूत' तर सरळ चूकच, त्यात काळ येतच नाही. 'अनादी' पण नको, कारण त्याला सुरुवातच नसते आणि इथे तर सुरुवातच सांगायचीय.

व्युत्पत्ती शोधली तर लॅटिनमध्ये 'प्रिमुस' म्हणजे पहिला आणि 'ओर्दिरी' म्हणजे आरंभ करणे, पण मुळात मागावर ताणा लावणे. किती सुंदर आहे हे! कापड अजून नाहीये, नुसते उभे धागे ताणलेत, आडवा धागा म्हणजे बाणा अजून यायचाय.

डिक्शनरीतले पर्याय बघून झालेत, संस्कृत चालेल पण सातवीच्या मुलाला अडू नये. तर 'पुढचं सगळं ज्यातून घडलं ते पहिलं' असा अर्थ देणारा, शक्यतो विणकामातलाच एखादा चालू मराठी शब्द आहे का?