लोटलीचं बिग फूट की बाणावलीचं गोवा चित्र?

फोंडेकर_वैनी: रविवारी सासू-सासरे आणि पोरांना घेऊन जुनं गाव, जुनी घरं असं काहीतरी बघायला जायचंय. सासरे शेतकरी माणूस, त्यांना बीच-मॉलचं काही अप्रूप नाही. बिग फूट आणि गोवा चित्र ही दोन संग्रहालयं डोक्यात आहेत. बिग फूटला खरी जुनी घरं आणून ठेवलीत की नुसते पुतळे? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, चालणं कितपत आहे?

बोरीपलीकडचा: बोरीचा पूल ओलांडला की लोटली आलीच. खरी घरं नाहीत हो ती, शिल्पकार माएंद्र आल्वारिस यांनी १९९५ मध्ये शंभरेक वर्षांपूर्वीचं गोंयचं गाव छोट्या रूपात उभं केलंय, कोळ्याची झोपडी, भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं घर, तावेर्न म्हणजे दारूचा गुत्ता, फेणीची भाटी, सगळं आहे. पोरं रमतात. चिऱ्याच्या खडकात आडवी कोरलेली १४ मीटरची संत मीराबाई मात्र चुकवू नका, ती बघायलाच मी पाहुण्यांना नेतो. चढउतार आहे, सासूबाईंना सावकाश न्या. आणि खरंच जुनं घर बघायचं तर समोरच आल्वारिसांचा १७५७चा वाडा आहे की!

कुळागरवाला: सासरे शेतकरी ना, मग गोवा चित्रच. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी गावोगाव फिरून नांगर, जू, घाणे, मापं, मडकी अशा हजारो वस्तू गोळा केल्या, आणि ती इमारतसुद्धा पाडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या वापरून बांधलीय. माझे वडील तिथे गाईडलाच शिकवायला लागले, हे अवजार असं नाही असं धरतात म्हणून, आम्ही बाकीचे ताटकळत उभे. पुतळ्यांचं गाव बघून त्यांनी नुसती मान हलवली असती. आधी फोन करून जा.

साष्टीकर: तुम्ही विचारताय तसं, म्हणजे अख्खं घर उचलून आणलेलं, ते चेन्नईजवळ दक्षिणचित्र संग्रहालयात आहे, १९९६ पासून. चेट्टिनाडचं, केरळचं, इलकलच्या विणकराचं, जुनी घरं सुटी करून परत जोडलीत, आत शिरून ओसरीवर बसता येतं. आपल्याकडे राजांगणाची, म्हणजे मधे चौक असलेली घरं पडतायत, खांब आणि दारं अँटिकवाल्याकडे जातात, आणि आपण सिमेंटचं गाव तिकीट काढून बघतो. असो, पोरं बरोबर असतील तर दोन्ही करा, मडगावात जेवून बाणावली गाठता येते.

फोंडेकर_वैनी: थँक्यू सगळ्यांना! सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणतात घाणा बघायचाय. गोवा चित्रला बसायला बाक वगैरे असतात का कुणी सांगेल?