मदत हवी आहे: हान्यांगच्या रुळांतला फॉस्फरस चुना टाकून का काढला नाही?

लोहपथ
चीनच्या हान्यांग पोलाद कारखान्यावरचा लेख मंगळवारी द्यायचाय आणि एका परिच्छेदावर अडलोय. फॉस्फरस चुन्याने निघतो, चुनखडी तिथे होती, मग टाकली का नाही? कारखाना उभारणाऱ्या झांग झिदोंगला काही कळत नव्हतं, ही गोष्ट नकोय. तांत्रिक कारण हवंय.

धातुविद
चुना कुठे टाकायचा म्हणताय, खनिजातून कच्चं लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीत, की हवा फुंकून त्याचं पोलाद करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये? रूळ कोणत्या काळातले?

लोहपथ
सुरुवातीचेच, अर्थात. झोतभट्टीत.

धातुविद
तिथे चुनखडी पडतच होती. ती खनिजातली वाळू मळीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या वितळलेल्या कचऱ्यात, नेते, थोडा गंधकही नेते. फॉस्फरस मात्र तिथे निघत नाही. कोकमुळे (भाजलेल्या दगडी कोळशामुळे) आतला ऑक्सिजन खेचला जातो आणि जवळजवळ सगळा फॉस्फरस कच्च्या लोखंडात उतरतो. तो काढायला चुना आणि ऑक्सिजन एकाच वेळी लागतात, म्हणजे पुढच्या टप्प्यात. हान्यांगला तिथे बेसेमर कन्व्हर्टर होते, आतून सिलिकाचं आम्ल अस्तर. त्यात चुना टाकला की तो आधी अस्तर खातो. म्हणून पोलादात फॉस्फरस सुमारे 0.2 टक्के राहिला. रुळाला 0.08 च्या खाली हवा, नाहीतर थंडीत आघाताने तडकतो.

मुळशीकर
फॉस्फरसचं सगळेच लिहितात. कारखाना बुडवला कोकने. 1894 मध्ये भट्टी पेटली आणि कोक नाही म्हणून लवकरच थांबवावी लागली. उत्तर चीनमधल्या कायपिंगचा कोक महाग, युरोपातला त्याहून महाग. पिंगश्यांगची कोळसा खाण 1898 मध्ये उभी राहिली, तिथून झुझोऊपर्यंतची रेल्वे 1905 मध्ये पुरी झाली. परिच्छेद कोकवर लिहा.

धातुविद
कोक नसला तर भट्टी थांबते, रूळ तडकत नाही. धाग्याचा प्रश्न रुळांचा आहे.

दर्यासारंग
पोलादाच्या आधी आरमाराकडे बघा. दिंगयुआन आणि झेनयुआन या चिनी युद्धनौका 1885 मध्ये जर्मनीहून आल्या, प्रत्येकी 305 मि.मी.च्या चार तोफा. जपानशी 1894 मध्ये झालेल्या यालूच्या समुद्री लढाईत त्यांचं चिलखत भेदलं गेलं नाही, पण जपानच्या जलद माऱ्याच्या तोफांनी वरचा भाग जाळून काढला. 1888 नंतर आरमारात नवी मोठी जहाजं आली नाहीत, खरा घोळ तिथे आहे.

लोहपथ
दर्यासारंगसाहेब, वेगळा धागा काढा, वाचेन. धातुविद, अस्तर बदलायचं की मग! डोलोमाइटचं. अशा चुनाधर्मी अस्तराच्या कन्व्हर्टरची थॉमस पद्धत 1879 पासून होती.

धातुविद
मेख इथेच आहे. कन्व्हर्टरमध्ये बाहेरून इंधन जळत नाही, हवा फुंकल्यावर लोखंडातली द्रव्यंच जळून उष्णता देतात. बेसेमरमध्ये ते काम मुख्यतः सिलिकॉन करतो. थॉमसमध्ये सिलिकॉन कमी ठेवावा लागतो, नाहीतर तोच चुना खातो. मग उष्णता फॉस्फरसने द्यायची, त्यासाठी कच्च्या लोखंडात तो 1.8 ते 2 टक्के हवा. हान्यांगला खनिज पुरवणाऱ्या दाये खाणीतून त्याच्या पासंगालाही येत नव्हता. म्हणजे हा फॉस्फरस बेसेमरला जास्त, थॉमसला कमी. नुसतं अस्तर बदलून धातू पातेल्यातच थंड झाला असता.

मुळशीकर
मग यंत्रं मागवताना खनिज तपासलं का नाही?

धातुविद
दायेचं खनिज 1877 पासून माहीत होतं. पण यंत्रांची मागणी 1889 मध्ये ग्वांगझोऊहून लंडनच्या वकिलातीमार्फत गेली, तेव्हा दाये ठरलंच नव्हतं. मग झांगची बदली ग्वांगझोऊहून हुबेईला झाली आणि कारखाना त्याच्याबरोबर गेला. कारण अज्ञानापेक्षा या क्रमात शोधा.

लोहपथ
मग उपाय कधी झाला? 1904 लिहू?

धातुविद
1904 ला कारखान्याचे ली वेइगे खनिजाचे नमुने घेऊन परदेशी तपासणीला गेले. उपाय म्हणजे चुनाधर्मी अस्तराच्या 30 टनी मार्टिन भट्ट्या. त्यांत उष्णता बाहेरून जाळलेल्या वायूची, त्यामुळे फॉस्फरस कितीही असो, चुना घालून मळी ओढता येते. एक छोटी मार्टिन भट्टी पहिल्यापासून होती, पण रुळांचा भार बेसेमरवर. नव्या भट्ट्यांसाठी 1907 लिहा, आणि कारखान्याच्या कंपनीचं हानयेपिंग हे नाव 1908 पासूनच.

लोहपथ
बदलतो. फॉस्फरसचा आकडा पोलादातला आहे ना, खनिजातला नव्हे?

धातुविद
पोलादातला.