मऊ गवती रनवेवरून टेकऑफ करताना छोटी विमानं का पडतात?

कोथरूडकर: मंडळी एक शंका. आपल्याला सवय लोहगावच्या पक्क्या रनवेची, पण काल इंग्लंडमधल्या गवती रनवेचे व्हिडिओ बघत बसलो होतो, सेसना धावत जाते, उचलली पण जाते आणि झाडांपाशी पोचेपर्यंत परत खाली. इंजिन तर व्यवस्थित चालू. मग गंडतं कुठे? गवतच ना ते?

हवाईवेडा: गवताचं सोड, खालची माती बघ. पाऊस झाला की चाकं रुततात, मग इंजिनाची निम्मी मेहनत चिखलातून चाकं ओढण्यातच जाते, वेग घ्यायला उरतं काय. ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीचा हिशोब असाय की ओल्या गवतावर टेकऑफचं अंतर ३० टक्के वाढतं, जमीन मऊ असेल तर वर अजून २५ किंवा जास्तच, आणि ही बेरीज नाही, गुणाकार करायचा. म्हणजे मॅन्युअलमधले ५०० मीटर गेले ८०० च्या वर. वजन १० टक्के जास्त असलं तर त्यावर अजून २० टक्के. आणि हे समुद्रसपाटीला हां, पुण्याची उंची, मे महिन्याचं ऊन धरलं तर बघायलाच नको.

बारामती_रिटर्न: हिशोब बरोबर पण तो बहुतेक सगळ्यांना पाठ असतो, तरी पडतातच. खरी गोम उचलल्यानंतर आहे. मऊ जमिनीवर योक (पायलटच्या हातातलं, नाक वर-खाली करायचं स्टिअरिंग) मागे ओढून पुढचं चाक हलकं ठेवतात, त्यामुळे विमान कमी वेगातच जमीन सोडतं. पण ते तरंगतं ग्राउंड इफेक्टवर, म्हणजे जमिनीलगत पंखांना मिळणाऱ्या जादा आधारावर, आणि तो जमिनीपासून साधारण पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीइतक्या उंचीपर्यंतच (सेसना १७२ ची ११ मीटर), जितकं वर जाल तितका तो आधार कमी. तिथे नाक जरा खाली दाबून जमिनीलगतच वेग घ्यायचा असतो. समोर झाडं आली की कोण दाबतंय! हात आपोआप मागे येतो, विमान वर जातं, वेग पडतो, स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच जाते.

कोथरूडकर: अरे बापरे. मग आधीच ब्रेक मारून थांबायचं ना?

बारामती_रिटर्न: ओल्या गवतावर ब्रेक मारलास तर चाकं नुसती घसरतात. म्हणून अर्ध्या रनवेवर खूण ठरवून ठेवायची, तिथपर्यंत उचलायच्या वेगाच्या ७० टक्के आला नाही तर थ्रॉटल बंद. ५५ नॉटला उचलणार असशील तर साधारण ३९.

हवाईवेडा: हे मान्य. फक्त खूण उड्डाणाआधी चालत जाऊन बघून ठेवायची, म्हणजे माती किती मऊ आहे तेही बुटांना कळतं. आपल्याकडची काळी माती असेल तर चाकांवरच्या कव्हरमध्ये चिखल गच्च बसतो, पावसाळ्यात बरेच जण ती कव्हरं काढूनच ठेवतात.