मदत हवी आहे: ग्रबचा (पीसी सुरू होताना कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू चालतो, पण दिसत नाही

खानापुरातल्या वाचनालयाचा पीसी: उबंटू २२.०४, विंडोज १० दोन्ही, यूईएफआय मोड (जुन्या बायोसच्या जागी आलेली, पीसी सुरू करण्याची नवी पद्धत). ग्रबच्या सेटिंगमध्ये टाइमआउट स्टाइल 'हिडन'ची (लपलेला) 'मेनू' केली, टाइमआउट १० सेकंद ठेवला. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (पीसीवरच्या इतर सिस्टिम शोधणारा) मुळातच बंद असतो, तोही चालू करून 'सुडो अपडेट-ग्रब' दिलं, विंडोज सापडलं. तरी चालू केल्यावर १० सेकंद पडदा काळाच, मग थेट उबंटू. गंमत म्हणजे त्या काळोखात खालचा बाण दोनदा दाबून एंटर मारला की विंडोज उघडतं!

मॉनिटर जुना व्हीजीए, मध्ये एचडीएमआय कन्व्हर्टर. जीएफएक्समोड (ग्रबच्या पडद्याचं रिझोल्यूशन) १०२४x७६८ करून पाहिला, फरक नाही. आता ग्रब टर्मिनल 'कन्सोल' (ग्राफिक्सऐवजी साधा मजकूर) करावं का? यूईएफआयवर त्याचा उपयोग होतो का? की दोष कन्व्हर्टरचाच? बेळगावहून नवा मागवण्याआधी विचारतोय.