जादा वेळ आणि वॉर्डातली घाई

वर कुणीतरी विचारलंय, "डिस्लेक्सिया (वाचायला अडचण येणं) असलेल्या नवीन नर्सला औषधांच्या परीक्षेत जादा वेळ द्यायचा, मग वॉर्डात पेशंट थांबणार आहे का?" प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. ७५ मिलिग्रॅम औषध द्यायचंय आणि अँप्यूलमध्ये (इंजेक्शनच्या औषधाची छोटी काचेची कुपी) २ मिलीत ५० मिलिग्रॅम आहे, तर ३ मिली काढायचे, हे तिला जमतं का ते तपासायचंय. बारीक टायपातला लांबलचक प्रश्न तिने किती झटपट वाचला, ते नव्हे. वॉर्डात तसा प्रश्न कुणी छापून देत नाही, समोर चार्ट आणि अँप्यूल असते.

लेखी पेपरला वेळ, मोठा टाइप, शांत खोली बिनधास्त द्या. उत्तरात मात्र सूट नको. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट, मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमची गल्लत झाली तर हजारपट. खरी कसोटी वॉर्डात औषधं देण्याच्या राउंडवर घ्या, निरीक्षक सोबत ठेवून, आणि एकदाच घेऊन थांबू नका.

डोपामिन-डोब्युटामिनसारखी औषधांची मिळतीजुळती नावं तर कुणालाही चकवतात (थकलेल्या सीनियरलाही!). तिथे दुसऱ्या नर्सने पहिलीचं उत्तर न बघता स्वतः केलेलं गणितच कामाला येतं. डिस्कॅल्क्युलिया (आकडे आणि गणितात अडचण येणं) असेल तर कॅल्क्युलेटर द्यायला माझी हरकत नाही, पण आधी अंदाज सांगायला लावा. एका डोससाठी दहा अँप्यूल फोडाव्या लागतायत असं उत्तर आलं, तर ती तिथेच थांबून विचारते का, हे मी सगळ्यात आधी बघेन.