विषय: पुन्हा: डिसेंबर २०२५चा सिनेमा – मुलांचं काय?

अनघा:
नमस्कार मंडळी,
थिएटरवाल्यांनी आज पुन्हा एफएसकेचा, म्हणजे इथल्या जर्मन सेन्सॉरचा, वयोगटाचा दाखला मागितला. मुंबईच्या वितरकांकडून काहीच उत्तर नाही. दाखला नसेल तर १८ खालच्या कोणालाही आत सोडणार नाहीत, आई-बाबा शेजारी बसले तरी. आलेल्या नावांत निम्मी मुलंच आहेत. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. 'दशावतार'च ठेवायचा की बदलायचा?

मिलिंद:
अनघा, पालक सोबत असले की चालतं. आम्ही धाकटीला '१२' शिक्क्याच्या, म्हणजे बारा वर्षांपुढच्यांसाठीच्या, सिनेमाला नेलं होतं, कोणी अडवलं नाही.
बदलायचाच तर 'आता थांबायचं नाय' घ्या. महापालिकेचे कामगार रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात, आणि गोष्ट खरी घडलेली. मुलांनी बघावाच असा आहे.

देवदत्त:
मिलिंद, ती सवलत '१२' शिक्क्याच्या सिनेमापुरती, तीही सहा वर्षांपुढच्या मुलांना. मुळात शिक्काच नसेल तर सवलत कसली? आपल्या सेन्सॉरचं 'यूए' इथे जर्मनीत धरत नाहीत.
शाळेचा हॉल घेऊ असंही कोणी म्हणेल. त्यानेही काही होणार नाही. जाहीर खेळ म्हटला की हाच कायदा, जागा कुठलीही असो. आणि आपण तिकीट लावतो, म्हणजे घरगुती कार्यक्रम म्हणायची सोय नाही. 'आता थांबायचं नाय'लासुद्धा हाच दाखला मागतील.

शैलजा:
सिनेमा बदलू नका, हात जोडून सांगते. मी कुडाळची. जत्रेत देवळाच्या बाजूला पेटाऱ्यावर आरसा टेकवून दशावतारी नट स्वतःच्या हाताने रंग लावायचे, आम्ही पोरं तिथेच उकिडवी बसून बघायचो. संकासुर आला की माझा भाऊ आजोबांच्या धोतरात तोंड लपवायचा. हे सगळं मोठ्या पडद्यावर बघायला मिळतंय. प्रभावळकर ८१ वर्षांचे असताना हा सिनेमा आला. त्यांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री बघा, मग बोला. फक्त सबटायटल हवीतच. आमच्या जावयांना मराठी कळत नाही आणि मालवणी तर इथल्या पुणेकरांनाही जड जाते.

ओंकार:
शैलजामावशी, सबटायटलचं मी मागच्या खेपेलाच लिहिलं होतं. थिएटरला फाइल कुलूपबंद येते आणि तिची चावी एकाच आवृत्तीची असते, ठरावीक तारखा-वेळांपुरती, त्याच थिएटरच्या यंत्रासाठी. बिनसबटायटलची चावी आली तर सबटायटलवाली आवृत्ती उघडणार नाही. अनघाताई, वितरकांना लिहाल तेव्हा 'इंग्रजी सबटायटलच्या आवृत्तीची चावी' असं स्पष्ट लिहा. खेळाच्या आदल्या दिवसापासून चालू होईल अशी मागा, म्हणजे चाचणी घेता येईल.

सुनीता:
मी काल थिएटरला फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, दुपारच्या खेळाला बघू काहीतरी.

अनघा:
सुनीताताई, थिएटरशी बोलणी सांस्कृतिक समितीच करते, कृपया परस्पर फोन नको. 'बघू काहीतरी'वर मी मुलांची तिकिटं विकणार नाही. दारावरून एखाद्या मुलाला परत पाठवायची वेळ आली तर त्या आई-बाबांना तोंड मलाच द्यायचंय.

मिलिंद:
मग 'उत्तर'ची वाट बघू या का? १२ डिसेंबरला येतोय, रेणुका शहाणे आहेत.

देवदत्त:
मिलिंद, दाखल्याचा प्रश्न तिथेही आहेच. त्यापेक्षा पुढचं आत्ताच बघा. रितेश देशमुखांचा 'राजा शिवाजी' १ मे २०२६ ला येणार असं जाहीर झालंय. तो आपली मुलं बघणारच. दाखला काढणार का, हे वितरकांना आजच विचारा. तिकडे प्रदर्शनाची गडबड सुरू झाली की आपल्या मेलकडे कोण बघणार?

अनघा:
पटलं, आज रात्रीच लिहिते. डिसेंबरला 'दशावतार', संध्याकाळचा खेळ. शुक्रवारपर्यंत दाखला आला नाही तर फक्त मोठ्यांसाठी. तसं झालं तर मुलांना मंडळाच्या खोलीत बसवू, खिचडी आणि खेळ. तिथे थांबायला दोघं तरी लागतील. ज्यांनी सिनेमा आधीच पाहिलाय त्यांनी नावं कळवा. शैलजामावशी, तुम्ही सोडून.